डाव्या हाताने पिंजणारी बाई

आमच्या संग्रहालयात आठवड्यातून चार दिवस शाळांचे गट येतात आणि प्रत्येक गटाला तीनच प्रश्न पडतात: दारातली बकरी खरी आहे का, संडास कुठे आहे आणि डबा कधी खायचा. डोंगरातली माणसं कशी राहत, काय विणत, बर्फ पडला की चार-चार महिने एका खोलीत एकमेकांचे गळे न धरता कशी जगत, हे सगळं मी या तीन प्रश्नांच्या मधल्या फटींतून सांगते. सात वर्षं सांगतेय. मधे दोनदा बाळंतपणाची रजा झाली, तेवढीच काय ती डोंगरातल्या माणसांना विश्रांती.

त्या गुरुवारी येणाऱ्या गटात माझी थोरली होती. पहिलीचा वर्ग, एकोणतीस मुलं.

थोरलीला घरात आम्ही बटण म्हणतो. नाव तिच्या आजीने ठेवलं. जन्मली तेव्हा एवढीशी, गोल, आणि जिथे लावाल तिथे घट्ट बसणारी. सहलीची तारीख कळल्यापासून तिच्या अटी सुरू झाल्या होत्या.

"तिथे मला बटण म्हणायचं नाही."

"बरं."

"सोनुली पण नाही. आणि माझं नाक पुसायचं नाही."

"वाहत असलं तर?"

"टीचर पुसतील. तू तिथली बाई आहेस, माझी आई नाहीस."

"बरं."

"आणि आजी दाखवायची. सगळ्यांत आधी आजी."

आता हे आजी दाखवण्याचं प्रकरण सांगायला हवं. माझ्या सासूबाई याच संग्रहालयात वीस वर्षं शिवणकामाला होत्या. कसर लागलेल्या घोंगड्या, विरलेले अंगरखे, बाह्या तुटलेल्या बंड्या, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. पंधरा वर्षांपूर्वी हिवाळ्याचं दालन नव्याने मांडायला घेतलं. त्यात चुलीशी बसून लोकर पिंजणारी एक बाई हवी होती. मूर्तिकाराला साच्यासाठी कुणी बसायला मिळेना आणि शिवणाच्या खोलीत सासूबाई तर आयत्याच बसलेल्या. नाकात दोन नळ्या घालून त्यांच्या तोंडावर प्लास्टर थापलं, मग हातांवर. त्यासाठी त्या अर्धा तास एक अक्षर न बोलता बसल्या. आमचे सासरे असेपर्यंत त्या अर्ध्या तासाची आठवण काढून सुस्कारा टाकत.

म्हणजे माझी तऱ्हा अशी, की सकाळी घरची सासू, दहा ते दोन कामावरची सासू आणि दुपारी पुन्हा घरची. माझ्यासारखी भरून पावलेली सून शोधून सापडायची नाही.

बटणाने हे वर्गात सांगितलं. आणि वर्गाने तिला वेड्यात काढलं. वर्गाचा तसा दोष नाही. याच बटणाने त्याआधी सांगितलं होतं, की आमच्या न्हाणीघरात मगर आहे, तिचा बाबा विमान चालवतो (तो लिफ्ट दुरुस्त करतो, वर-खाली जातो एवढंच साम्य), आणि तिचा भाऊ दाढीसकट जन्मला. त्यामुळे संग्रहालयात आजी आहे म्हटल्यावर वकीलबाईंची मुलगी बाकावरून उठली. ही दोन घट्ट वेण्यांची पोर घरात दिवसभर अशिलांची बोलणी ऐकते आणि शाळेत येऊन सगळ्यांना उलटे प्रश्न विचारते.

"पुरावा आहे का?" तिने विचारलं.

मग वर्गात ठरलं, की ही बटणाची शेवटची संधी. गुरुवारी आजी निघाली तर बटण खरी. नाही निघाली तर ती कायमची थापाडी, आणि थापाडीशेजारी बसून कुणी डबा खायचा नाही.

"कायमची म्हणजे?" मी विचारलं.

"दहावीपर्यंत," बटण म्हणाली.

सोमवारी सकाळी संचालकबाईंनी मला बोलावलं. हुशार बाई, मनाने चांगल्या, चष्मा कायम डोक्यावर आणि शोधायचा कायम टेबलावर. त्यांच्या समोर एक पांढरा, गुळगुळीत, अंड्यासारखा गोळा होता.

"हे बघ, आपले नवे चेहरे," त्या म्हणाल्या.

"यावर चेहरा कुठे आहे, मॅडम?"

"तेच तर! चेहरा दिसला की मुलं चेहऱ्याकडे बघतात. कुणी नाक ओढतं, कुणी वेडावून दाखवतं. वस्तूंकडे ढुंकून बघत नाहीत. आता सगळीकडे बिनचेहऱ्याचे पुतळे करतात. बुधवारी कारागीर येतायत, जुनी डोकी काढून ही बसवतील."

"मॅडम, शुक्रवारी नाही का जमणार?"

"का गं?"

मी सांगितलं सगळं. मगर आणि दाढी तेवढी वगळली. त्या मनापासून हसल्या. "अगं, चेहरा जातोय, हात कुठे जातायत? ते हात मी मरेपर्यंत काढू देणार नाही. ते तर आपल्या दालनाचा जीव आहेत."

हे खरंच होतं. लोकर पिंजायला दोन दातेरी फळ्या लागतात. एक मांडीवर स्थिर धरायची, दुसरी तिच्यावरून ओढायची. आमच्या पुतळ्यात ओढणारा हात डावा आहे. नऊ वर्षांपूर्वी संचालकबाई इथे रुजू झाल्या तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांच्या हे लक्षात आलं, आणि त्यांनी शाळांसाठी एक सुबक पुस्तिका लिहिली. त्यात म्हटलंय, की या डोंगरांतल्या बायका डाव्या हाताने पिंजत, कारण उजवा हात चुलीवरच्या भांड्यासाठी मोकळा लागे. पुढच्या पानावर मुलांसाठी सूचना आहे: आता तुम्हीही डाव्या हाताने पिंजून पाहा! दालनाशेजारच्या खोलीत आम्ही फळ्या आणि लोकर ठेवलीय. नऊ वर्षं झाली, आसपासच्या शाळांतलं प्रत्येक मूल तिथे बसून डाव्या हाताने खटपट करतं, लोकर नाकात घालून घेतं आणि घरी जाऊन सांगतं, की डोंगरातल्या बायका फार हुशार होत्या. मीही हेच सांगत आले. तेच वाक्य, तोच हात उंचावून.

बुधवारी कारागीर आला. त्याने चार स्क्रू काढले आणि सासूबाईंचं डोकं काखेत मारलं.

"हळू धरा हो," मी म्हटलं. "सासू आहे माझी."

"मग तर जोरात धरतो," तो म्हणाला, आणि ते पेटीत ठेवलं. पेटी दुपारीच दुसऱ्या गावच्या गोदामात रवाना झाली. पुतळ्याच्या मानेवर आता ते पांढरं अंडं होतं. त्याखाली सासूबाईंचे दोन हात होते, तसेच फळ्या धरलेले.

घरी आले तेव्हा धाकटा पाळण्यात झोपला होता आणि सासूबाई फरसबी चिरत होत्या.

"गेलं माझं तोंड?"

"गेलं, आई."

"बरं झालं. पंधरा वर्षं पोरांनी नाक ओढून ओढून लांब केलं होतं," त्या म्हणाल्या. आणि फरसबी इतकी बारीक चिरली, की रात्री जेवताना ती कुणाला सापडलीच नाही.

बटण दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होती. रडत नव्हती. तिने दप्तरसुद्धा काढलं नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "या वेळी मी खरं बोलले होते."

काय सांगायचं अशा वेळी पोरीला? उभ्या आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट मीठमसाला न लावता सांगितली, आणि नेमकं तिचंच डोकं काढून नेलं.

आम्ही उपाय शोधायला बसलो. नवऱ्याने पुतळ्याशेजारी उभ्या सासूबाईंचा जुना फोटो खोक्यातून शोधून काढला. बटणाने मान हलवली. वकीलबाईंच्या मुलीच्या मामाचा डायनोसॉरबरोबर फोटो आहे, त्यामुळे त्या वर्गात फोटो चालत नाहीत.

"मीच येते की उद्या," सासूबाई म्हणाल्या.

"ती म्हणेल, आजी तर सगळ्यांनाच असते."

"मग मी सांगते ना वर्गाला," मी म्हटलं. "मी तिथली बाई आहे."

"ते पण विचारलं मी. ती म्हणते, आईची साक्ष चालत नाही. आया मुलांच्याच बाजूने बोलतात."

"ही पोर मोठेपणी कुणाला खाणार आहे कोण जाणे," नवरा म्हणाला आणि फोटो परत खोक्यात टाकला.

मी सुस्कारा टाकून सासूबाईंच्या हातांकडे बघत बसले. सुरी फरसबीवरून टकटक चालली होती. आणि मला दिसलं. सुरी डाव्या हातात होती.

सात वर्षं मी या बाईच्या हातचं खातेय. सात वर्षं त्यांना सुई ओवताना, कुलूप उघडताना, माझ्या पोरांच्या पाठीवर थोपटताना बघतेय. आणि तितकीच वर्षं दहा ते दोन मी त्याच हातांपुढे उभी राहून जगाला सांगतेय, की डोंगरातल्या बायका डाव्या हाताने पिंजत.

"आई," मी म्हटलं, "तुम्ही डावखुऱ्या आहात."

"उजाडलं म्हणायचं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे पुतळ्यात... बाकीच्या बायका डाव्या हाताने पिंजत नव्हत्या?"

"माझी आई उजव्याने पिंजायची. माझी आजी उजव्याने. आमच्या डोंगरातल्या वस्तीत मीच एक उलटी. मूर्तिकार म्हणाला, फळ्या धरा. मी माझ्या सवयीने धरल्या. त्याला काय कळतंय!"

"पण पुस्तिका! नऊ वर्षं! तुम्ही बोलला का नाहीत?"

"पुस्तिका आली तेव्हा मी निवृत्त झालेले. एवढ्या शिकलेल्या बाईंना जाऊन मी सांगू, की तुमचं चुकलं?" त्या जरा थांबल्या. सुरी खाली ठेवली. "खरं सांगू? एकदा तुला डबा द्यायला आले होते. तिथे वर्गच्या वर्ग बसला होता, सगळी पोरं डाव्या हाताने पिंजत होती आणि मास्तरीण वरून शाबासकी देत होती. मला शाळेत या हाताने लिहिलं म्हणून पट्ट्या बसल्या गं. चौथीत तर हात बाकाला बांधून ठेवायचे. म्हटलं, चाललंय ते चालू दे. कुणाचं काय बिघडतंय?"

मग त्यांनी मलाच बजावलं, "तूही काही बोलू नकोस. तुझी नोकरी वर्षावर्षाने वाढते, आणि वाढवतात त्याच. पुस्तिकेवर त्यांचं नाव आहे. पोरीचं काय, चार दिवस रुसेल, विसरेल."

बटण मात्र चौकटीशी तशीच उभी होती.

गुरुवारी वर्ग आला. दारात बकरीबद्दल विचारून झालं, संडास विचारून झालं. बटण रांगेत शेवटी होती आणि माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत होती. नवे पुतळे मुलांना कसे वाटतात ते बघायला संचालकबाईही गटामागून चालत होत्या, पुस्तिका हातात धरून.

आम्ही हिवाळ्याच्या दालनात शिरलो. चूल, कोनाडे, छताला टांगलेले लाकडी डाव, आणि दोरीपलीकडे ती बसलेली.

"हीच का?" वकीलबाईंच्या मुलीने विचारलं.

"हीच," बटण म्हणाली.

"हिला तोंडच नाही."

"काल होतं."

"काल!" कुणीतरी फिसकन हसलं. वकीलबाईंची मुलगी हसली नाही. ती न्यायाने वागणारी आहे. तिने वेणी मागे टाकली. "तोंड नाही म्हणजे ही कुणाचीही आजी असू शकते. माझीसुद्धा."

एकोणतीसपैकी अठ्ठावीस मुलांनी बटणाकडे बघितलं. बटणाने माझ्याकडे बघितलं. तिचं नाक वाहत होतं. टीचर डबे मोजत होत्या आणि मला पुसायची बंदी होती.

"मुलांनो, तोंड जाऊ दे, हात बघा!" मागून संचालकबाई उत्साहाने म्हणाल्या. "काही वेगळं दिसतंय का?"

"डावा हात!" एक जण ओरडला.

"शाब्बास! आणि डावा का बरं?" त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. "सांग गं त्यांना."

हे माझं वाक्य. झोपेतून उठवलं तरी म्हणेन. मी सवयीने हात उंचावला, आणि तो तसाच वर राहिला.

"कारण ही डावखुरी आहे," मी म्हटलं.

संचालकबाई हसत होत्या. त्यांना वाटलं, पुढे आणखी काही आहे. होतंच.

"डोंगरातल्या बाकी बायका उजव्या हाताने पिंजत. ही एकटी डाव्याने पिंजायची, कारण हे माझ्या सासूबाईंचे हात आहेत आणि त्या डावखुऱ्या आहेत. पुतळा त्यांच्यावरून केलाय. मी सात वर्षं शाळांना चुकीचं सांगत आलेय. पुस्तिकेतही चुकलंय. पान चार. आणि पाचही."

मागे कुणीतरी चोरून उघडलेल्या डब्याचं झाकण वाजलेलं सगळ्यांना ऐकू आलं. संचालकबाईंचा चष्मा डोक्यावरून घसरून आपोआप नाकावर आला.

वकीलबाईंच्या मुलीने पुस्तिकेकडे बोट दाखवलं. "हे कुणी लिहिलंय?"

"या मॅडमनी."

"या तुमच्या साहेब आहेत?"

"हो."

"मग आता त्या तुम्हाला रागावणार?"

मी संचालकबाईंकडे बघायचं टाळलं. "बहुतेक."

पोर विचारात पडली. मग ती वर्गाकडे वळली आणि एखादा निकाल वाचावा तसं म्हणाली, "माझी आई म्हणते, स्वतःलाच ओरडा बसेल असं कुणी उगाच बोलत नाही. म्हणून ते खरं धरायचं." तिने पुतळ्याकडे नीट बघितलं. "आजी खरी आहे."

बटण रांगेच्या शेवटून पुढे आली, दोरीपाशी उभी राहिली आणि बाहीने नाक पुसून माझ्याच आवाजात म्हणाली, "दोरीच्या आत कुणी जायचं नाही. माझी आजी आहे."

संचालकबाईंनी मला बाजूला घेतलं. कोनाड्यातल्या मडक्याकडे बघत त्या हळू आवाजात बोलल्या.

"तुला कधी कळलं?"

"काल संध्याकाळी."

"आणि त्यांना?"

"त्यांना पहिल्यापासूनच, मॅडम."

"अगं, मी कुणाला विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. गालांवर लाली चढली होती. "हात दिसले, आणि मला इतका आनंद झाला, की विचारायचं सुचलंच नाही. नऊ वर्षं. आणि ते भांड्याचं, मोकळ्या उजव्या हाताचं... ते तर मी मनानेच लिहिलं." मग त्यांनी पुस्तिकेचं पान चार उघडलं आणि पुन्हा मिटलं. माझ्या डोळ्यांपुढून पुढच्या वर्षाचा करार एकदा सावकाश चालत गेला. शेवटी त्या म्हणाल्या, "पुस्तिका नव्या कराव्या लागतील. तू लिही. आणि या वेळी आधी विचारून लिही."

घरी पोचले तेव्हा बटण माझ्या आधीच पोचून आजीच्या मांडीत बसली होती, पण सांगायचं तिने माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. असं क्वचित होतं.

"सांगितलंस ना शेवटी!" सासूबाई मला म्हणाल्या. "तुझ्या चेहऱ्यावरच दिसतंय. एक गोष्ट पोटात राहत नाही. आता नोकरी राहिली का?"

"राहिली."

"हं." त्यांनी बटणाच्या केसांतून बोटं फिरवली. "मग आता पोरं उजव्या हाताने पिंजणार." सरळच म्हणाल्या, पण बोटं थांबली होती.

"नाही पिंजली," बटण म्हणाली.

"म्हणजे?"

"आई म्हणाली, आता ज्याला जो हात सोपा त्याने पिंजा. मग वकीलबाईंच्या मुलीने विचारलं, आजीचा कुठला? मी म्हटलं, हा. मग तिने याच हाताने घेतलं. मग सगळ्यांनी याच हाताने घेतलं."

"सगळ्यांनी?"

"एकोणतीस," मी म्हटलं. "मी मोजले."

सासूबाईंनी नाक वर ओढलं आणि धाकट्याचं अंगडं उगाच झटकून घडी घातलं. ते आधीच घडी घातलेलं होतं.

"आणि तुझ्या मॅडम? त्या काय करत होत्या?"

"त्याही बसल्या मुलांच्यात. डाव्या हाताने."

"जमलं का त्यांना?"

"छे! अर्धी लोकर केसांत, अर्धी चष्म्यात."

"जमणार कसं? मनगटातून ओढायचं असतं, खांद्यातून नाही." त्यांनी बटणाला मांडीवरून उतरवलं आणि उठून कपाटातल्या ठेवणीतल्या कपड्यांना हात घातला. "सोमवारी येते म्हणावं त्यांना. एकदा नीट दाखवते."